नोकरीच्या व्यक्तिमत्त्व चाचणीत आजार मोजला जात असेल तर काय करावे

नोकरीसाठी अर्ज केल्यावर दोन-चार दिवसांत कंपनीकडून एक लिंक येते. ती उघडली की शंभर-दीडशे विधाने समोर येतात: 'नव्या लोकांत मी सहज मिसळतो', 'माझा मूड वारंवार बदलतो', 'कारण नसताना मला उदास वाटते'. प्रत्येक विधानापुढे 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंतचे पर्याय असतात. बहुतेक उमेदवार हे अर्ध्या तासात उरकून मोकळे होतात. पण ज्याला बायपोलर डिसऑर्डर आहे, जो गेली चार वर्षे नियमित औषधे घेत आहे आणि ज्याच्या कामाबद्दल आजवर कोणाची तक्रार नाही, त्याचा हात दुसऱ्या विधानापाशीच अडखळतो. खरे उत्तर दिले तर नोकरी जाईल आणि खोटे दिले तर मनाला पटणार नाही, अशा पेचात तो सापडतो. ऑटिझम असलेली मुलगी 'बहुतेक वेळा' या शब्दाचा नेमका अर्थ काय घ्यायचा यावर पाच मिनिटे घालवते आणि तेवढ्यात वेळ संपून जाते. प्रस्तुत मार्गदर्शन अशा उमेदवारांसाठी आहे. चाचणी कोणत्या प्रकारची आहे हे कसे ओळखावे, कोणती सोय कशी मागावी, नकार आल्यावर कोणाला आणि काय लिहावे, या सगळ्याचा विचार त्यात केला आहे. कायद्याने दिलेला आधार किती आहे आणि तो कुठे तोकडा पडतो हेही मी लपवणार नाही, कारण खोट्या भरवशावर केलेली तक्रार उमेदवारालाच थकवते.

आधी चाचणी ओळखा

'सायकोमेट्रिक टेस्ट' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी खपतात. गणित, भाषा आणि तर्क तपासणारी अभियोग्यता चाचणी ही एक. रेल्वेत असिस्टंट लोको पायलट किंवा स्टेशन मास्तर होऊ पाहणारी मुले जिला सवयीने 'सायको टेस्ट' म्हणतात, ती संगणकावरची चाचणीही याच जातीची आहे. तिच्यात स्मरणशक्ती, अवधान, सूचना पाळण्याची क्षमता अशा गोष्टी पाहिल्या जातात आणि मानसिक आजाराशी तिचा संबंध नसतो. दुसरा प्रकार स्वभाववैशिष्ट्यांच्या चाचण्यांचा. मोकळेपणा, शिस्त, बहिर्मुखता, सहकार्यवृत्ती आणि भावनिक स्थैर्य या पाच अंगांनी माणसाकडे पाहणाऱ्या चाचण्या त्यात येतात. स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत शेवटच्या टप्प्यात घेतली जाणारी व्यक्तिमत्त्व चाचणी आता अनेक मराठी उमेदवारांच्या परिचयाची झाली आहे. तिसरा प्रकार मुळात रुग्णांसाठी तयार झालेल्या निदान-चाचण्यांचा. अलीकडे चौथा प्रकार आला आहे: फुगे फुगवण्याचे किंवा चित्रे जुळवण्याचे खेळ खेळायला लावून, किंवा मोबाइलसमोर बोलायला लावून, त्यावरून संगणकानेच स्वभावाचा अंदाज बांधायचा.

यांपैकी तिसऱ्या प्रकाराबाबत सर्वांत स्पष्ट निर्णय अमेरिकेत झाला. तो नीट समजून घेतला तर बाकीच्या चाचण्यांकडे कसे पाहावे हे कळते, म्हणून त्यावर थोडा वेळ घालवणे योग्य ठरेल.

अमेरिकेचा दिव्यांगांविषयीचा कायदा १९९० चा आहे. त्यातील एक नियम अत्यंत विचारपूर्वक घडवलेला आहे: नोकरीचा सशर्त देकार (ऑफर) देण्यापूर्वी मालकाने उमेदवाराची वैद्यकीय तपासणी करू नये आणि दिव्यांगत्व उघड होईल असे प्रश्नही विचारू नयेत. देकार दिल्यानंतर तपासणी चालते, पण त्या पदावर येणाऱ्या सर्वांचीच व्हायला हवी. या क्रमामागे एक साधा हेतू आहे. देकारानंतर तो मागे घेतला गेला, तर तो आजारामुळे घेतला की गुणवत्तेअभावी, हे उघड्यावर येते. आधीच तपासणी झाली तर नकाराचे खरे कारण शंभर कारणांत दडवता येते.

रेंट-अ-सेंटर ही घरगुती वस्तू भाड्याने देणारी कंपनी व्यवस्थापकपदी बढती हवी असणाऱ्या कर्मचाऱ्यांना नऊ चाचण्यांचा एक संच सोडवायला लावत असे. त्या संचात 'मिनेसोटा मल्टिफेजिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी' या चाचणीतले ५०२ प्रश्न होते. ही चाचणी मिनेसोटा विद्यापीठात स्टार्क हॅथवे हा मानसशास्त्रज्ञ आणि जे. सी. मॅकिन्ली हा डॉक्टर यांनी तयार केली आणि ती १९४० च्या दशकात प्रसिद्ध झाली. नैराश्य, पॅरानोइया, स्किझोफ्रेनिया, हायपोमेनिया अशा नावांच्या मोजपट्ट्या तिच्यात आहेत. इतरांना न दिसणारी माणसे किंवा प्राणी आपल्याला दिसतात का, कुठून येतात ते न कळणारे आवाज ऐकू येतात का, अशी विधाने तिच्यात होती. कंपनीच्या हिशेबात ज्याचे 'विचलन', म्हणजे अपेक्षित गुणांपासूनचे अंतर, बारापेक्षा अधिक भरे, त्याच्या बढतीचा विचारच होत नसे. तिथे काम करणाऱ्या तीन भावांनी याविरुद्ध दावा लावला. कंपनीचा बचाव असा होता की आम्ही निदान करत नाही, उत्तरे मानसशास्त्रज्ञाकडे पाठवत नाही, आम्ही फक्त कामाला लागणारे गुण पाहतो. 'करॅकर विरुद्ध रेंट-अ-सेंटर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात सातव्या सर्किटच्या (म्हणजे काही राज्यांच्या एका विभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने १४ जून २००५ रोजी हा बचाव फेटाळला. जी चाचणी किमान काही अंशी मानसिक आजार उघड करण्यासाठी बनवली गेली आहे, तिचे गुण कोण आणि कोणत्या पद्धतीने मोजतो याने तिचे स्वरूप बदलत नाही; ती वैद्यकीय तपासणीच आहे आणि तिच्यामुळे मानसिक दिव्यांगत्व असलेल्यांची संधी हिरावली जाण्याची शक्यता आहे, असे न्यायालयाने ठरवले.

तेव्हा तुमच्यासमोर चाचणी आली की चार गोष्टी विचारा. ही चाचणी मुळात कोणासाठी आणि कशासाठी बनवली गेली? तिचा अर्थ कोण लावतो? तिच्यातली विधाने कामाविषयी आहेत की झोप, भूक, भीती, रडू, भास, औषधे यांविषयी? आणि ती अर्जानंतर लगेच घेतली जाते की निवड झाल्यावर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते शोधणे अवघडही नाही. चाचणीचे नाव बहुतेकदा सूचनापत्रात किंवा पहिल्या पानावर असते. ते नाव शोधून तिच्या प्रकाशकाचे संकेतस्थळ पाहिले की ती दवाखान्यासाठी आहे की कार्यालयासाठी हे बहुधा कळते. कधी कधी याहून उपयोगाची माहितीही हाती लागते. उदाहरणार्थ, बोलण्याबोलण्यात माणसांना चार अक्षरांत बसवणारी मायर्स-ब्रिग्ज चाचणी उमेदवारांची निवड करण्यासाठी वापरू नये, असे तिचे प्रकाशकच सांगतात. कंपनीला विचारणा करताना असा एखादा मुद्दा हाताशी असला की पत्राचे वजन वाढते.

चाचणी वैद्यकीय नसली तरीही

आता अधिक नेहमीचा आणि अधिक नाजूक प्रकार पाहू. चाचणी निदानाची नाही, विधानेही कामाविषयीच आहेत, पण तिचा साचाच एखाद्याच्या आड येतो. ब्रिटनमध्ये सरकारी विधी सेवेत प्रशिक्षणार्थी वकील म्हणून अर्ज करणाऱ्या, अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम (ऑटिझमचा एक प्रकार) असलेल्या एका उमेदवाराच्या बाबतीत हे घडले. पहिल्याच टप्प्यावर 'अशा प्रसंगी तुम्ही काय कराल' या धर्तीची बहुपर्यायी चाचणी होती. पर्यायांतून निवडण्याऐवजी थोडक्यात लिहून उत्तरे देण्याची मुभा द्यावी, अशी उमेदवाराची मागणी होती. तसा पर्याय उपलब्ध नाही असे उत्तर मिळाले. उत्तीर्ण होण्यासाठी २२ पैकी १४ गुण हवे होते, १२ मिळाले. एम्प्लॉयमेंट ट्रायब्यूनलने, म्हणजे नोकरीविषयक न्यायाधिकरणाने, निकाल उमेदवाराच्या बाजूने दिला आणि 'गव्हर्नमेंट लीगल सर्व्हिस विरुद्ध ब्रूक्स' या अपिलात २०१७ मध्ये तो कायम राहिला. निर्णयक्षमता तपासणे हा हेतू रास्त होता हे मान्य झाले. पण तो हेतू उमेदवाराला कमी जाचक अशा मार्गानेही साधता आला असता, हा मुद्दा निर्णायक ठरला. भरपाई ८६० पौंडांची होती. रक्कम लहान आहे, पण प्रत्येक उमेदवाराने सोय मागताना नेमका हाच युक्तिवाद डोळ्यांसमोर ठेवावा: तुम्हाला जो गुण तपासायचा आहे तो जरूर तपासा, मात्र ज्या मार्गाने माझा तो गुण दिसेल त्या मार्गाने तपासा.

भावनिक स्थैर्याची मोजपट्टी या दोन प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. चिंता, उदासी, मूडमधले चढउतार यांवरची तिची विधाने आणि डॉक्टर नैराश्याबद्दल विचारतात ते प्रश्न यांच्यात मोठे साम्य असते. एवढ्यावरून संपूर्ण चाचणी वैद्यकीय ठरत नाही. पण केवळ या एका मोजपट्टीवर कमी गुण पडले म्हणून कोणी उमेदवाराला बाहेर काढत असेल, तर त्या गुणांचा त्या पदाच्या कामाशी संबंध काय, हे विचारण्याचा अधिकार उमेदवाराला असला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

भारतात कायदा काय देतो

आपल्याकडे देकारापूर्वी वैद्यकीय चाचणी नको असे शब्दशः सांगणारे अमेरिकेसारखे कलम नाही. आधार घ्यायचा तो दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चा. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत आणि मानसिक आजार, ऑटिझम म्हणजे स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. भेदभावाच्या व्याख्येतच वाजवी सोय नाकारण्याचा अंतर्भाव केलेला आहे, म्हणजे योग्य सोय मागूनही ती दिली नाही तर तेवढ्यानेच भेदभाव होतो. कलम ३ दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभावाला मनाई करते. तिथे एक अपवाद आहे: ते कृत्य रास्त उद्दिष्ट साधण्याचा प्रमाणशीर मार्ग असल्याचे दाखवता आले तर ते चालते.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवावा लागतो. नोकरीतील भेदभावाला थेट मनाई करणारे आणि वाजवी सोय देणे बंधनकारक करणारे कलम २० शासकीय आस्थापनांपुरते आहे. शासकीय आस्थापनांत सरकारी कार्यालयांबरोबर सरकारी मालकीच्या बँका आणि कंपन्याही येतात. कामाचे स्वरूप पाहून सरकार अधिसूचनेद्वारे काही आस्थापनांना या कलमातून सूट देऊ शकते, म्हणून सशस्त्र दलांसारख्या ठिकाणी आधी अधिसूचना तपासावी. खासगी कंपनीला कलम २० थेट लागत नाही. तरीही ती मोकळी सुटत नाही, कारण कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते, आणि केंद्राच्या २०१७ च्या नियमांनुसार २० किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदे, निवडीची पद्धत, सोयी आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक यांचा उल्लेख हवा.

उमेदवाराच्या दृष्टीने त्याच नियमांतला नियम ३ सर्वांत कामाचा आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. शासकीय आस्थापनेच्या, किंवा २० वा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे दिव्यांगत्वावरून भेदभाव झाल्याची तक्रार आली, तर त्याने एक तर कायद्याप्रमाणे कारवाई सुरू करायची, नाही तर आपले कृत्य रास्त उद्दिष्टासाठी प्रमाणशीर कसे आहे हे तक्रारदाराला लेखी कळवायचे. म्हणजे 'आमचा निर्णय अंतिम आहे' एवढे एक वाक्य पाठवून त्याला मोकळे होता येत नाही. सोयीचा खर्च उमेदवाराच्या माथी मारता येत नाही, हेही याच नियमात आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय पत्रात उद्धृत करण्याजोगे आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये 'विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग' या प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की वाजवी सोय मिळवण्यासाठी ४० टक्क्यांचे, म्हणजे लक्षणीय दिव्यांगत्वाचे, प्रमाणपत्र असण्याची अट घालता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि त्याला लेखनिक हवा होता. त्याच वर्षी १७ डिसेंबर रोजी 'रवींदर कुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात, मानसिक आजार असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या अधिकाऱ्यावर झालेल्या शिस्तभंगाच्या कारवाईचा विचार करताना, न्यायालयाने म्हटले की मानसिक दिव्यांगत्व हे त्या कारवाईमागचे एकमेव कारण असण्याची गरज नाही. अनेक कारणांपैकी ते एक असले तरी भेदभाव सिद्ध होऊ शकतो. चाचणीच्या प्रकरणांत हे फार मोलाचे आहे, कारण चाचणी हा निवडीचा बहुधा एकच भाग असतो आणि कंपनी बाकीच्या भागांकडे बोट दाखवते.

चाचणीपूर्वी: सोय मागणे

सोय चाचणी देण्याआधी मागावी. नकार आल्यावर प्रथमच दिव्यांगत्वाचा उल्लेख केला तर 'आम्हाला माहीतच नव्हते' असे उत्तर मिळते, आणि त्यात तथ्यही असते. लिंकची मुदत दोन-तीन दिवसांचीच असते, म्हणून मेल आला त्याच दिवशी उत्तर पाठवावे आणि सोयीबाबत निर्णय होईपर्यंत मुदत थांबवण्याची विनंतीही त्यातच करावी.

किती सांगायचे, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परिस्थितीनुसार सोडवायचा आहे. मी कोणालाही सगळे उघड करण्याचा सल्ला देणार नाही. आजाराचा इतिहास, रुग्णालयातले दिवस, औषधांची नावे यांची गरज सोय मागण्यासाठी नसते. चाचणीत नेमकी अडचण कुठे येते आणि त्यावर कोणता उपाय चालेल, एवढे सांगितले की पुरते. डॉक्टरांचे पत्र जोडायचे असेल तर तेही याच मर्यादेत लिहून घ्यावे: 'संबंधित व्यक्तीला कालमर्यादा असलेल्या बहुपर्यायी चाचणीत अडचण येते आणि तिला वाढीव वेळ देणे आवश्यक आहे', इतकेच. मेलचा मजकूर साधारण असा असावा. इंग्रजीत लिहिला तरी मुद्दे हेच राहू द्यावेत.

'आपण पाठवलेल्या चाचणीची लिंक मिळाली. मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अर्थाने दिव्यांग व्यक्ती आहे. संदर्भ न देता विचारलेली बहुपर्यायी विधाने ठरावीक वेळेत सोडवताना मला अडचण येते. तरी मला वाढीव वेळ मिळावा, किंवा याच गुणांचे मूल्यमापन लेखी उत्तरांच्या अथवा मुलाखतीच्या मार्गाने व्हावे, ही विनंती. चाचणीचे नाव, ती या पदासाठी कोणते गुण तपासते आणि तिचे निकाल निवडीत कसे वापरले जातात, हेही कृपया कळवावे. या विनंतीवर निर्णय होईपर्यंत लिंकची मुदत थांबवावी.'

किती वाढीव वेळ मागावा, असे पुष्कळ जण विचारतात. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्राने २०१८ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत दर तासाला किमान २० मिनिटांचा अधिक वेळ धरला होता. कंपनीच्या चाचणीला अशा सूचना थेट लागू नसल्या, तरी मागणी अवाजवी नाही हे दाखवायला तो आकडा उपयोगी पडतो. व्हिडिओवरची चाचणी असेल तर प्रत्यक्ष मुलाखत मागावी, कारण नजर न भिडवणे, बोलताना अडखळणे किंवा चेहऱ्यावर भाव न उमटणे यांचा अर्थ संगणक काय लावेल हे उमेदवाराला कळत नाही. अमेरिकेच्या समान रोजगार संधी आयोगाने मे २०२२ मध्ये संगणकीय निवडपद्धतींबाबत प्रसिद्ध केलेल्या माहितीपत्रकात नेमका हाच धोका मांडला होता: काम करण्याची क्षमता असलेला माणूस निव्वळ यंत्राच्या साच्यात बसला नाही म्हणून गळू शकतो.

चाचणी देताना

खोटी उत्तरे देऊ नयेत. नैतिक कारण तर आहेच, पण व्यवहारही तेच सांगतो. अनेक चाचण्यांत उमेदवार स्वतःला फार चांगला दाखवतो आहे का हे पकडणारी विधाने पेरलेली असतात, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर खोटे उत्तर तुमच्याच विरुद्ध वापरले जाते. विधान कामाविषयी असेल तर कामाच्या ठिकाणचे आपले वागणे आठवून उत्तर द्यावे. घरातल्या वाईट रात्रींचा हिशेब तिथे मांडण्याचे कारण नाही. 'तुम्ही मानसिक उपचार घेतले आहेत का' असा उघड प्रश्न आला तर तो रिकामा ठेवता येतो का पाहावे. येत नसेल तर तिथेच थांबून एचआरला मेल करावा आणि हा प्रश्न या पदासाठी का आवश्यक आहे हे विचारावे. मानसिक आरोग्याची माहिती ही २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार संवेदनशील वैयक्तिक माहिती आहे. ती गोळा करण्यासाठी कंपनीने लेखी संमती घ्यायची असते आणि हेतू सांगायचा असतो.

पानांचे फोटो काढण्याचा मोह टाळावा. चाचणीच्या अटींत बहुधा त्याला मनाई असते आणि आपली बाजू विनाकारण कमजोर होते. त्याऐवजी चाचणी संपल्याबरोबर वहीत तारीख, वेळ, चाचणीचे नाव, अंदाजे किती विधाने होती, कोणत्या विषयांवर होती आणि कुठे अडचण आली, हे आपल्या शब्दांत लिहून ठेवावे. ही टिपणे तत्काळ केलेली असली तर त्यांना पुढे चांगला आधार मिळतो.

नकार आल्यावर

पहिले पत्र तक्रारीचे नसावे, विचारणेचे असावे. चाचणीचा निकाल नकाराला कारणीभूत होता का, किमान गुणांची काही रेषा होती का आणि मागितलेल्या सोयीचे काय झाले, हे तीन प्रश्न विचारावेत. शासकीय आस्थापना असेल तर हीच माहिती माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून मागता येते आणि तिचे उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

उत्तर आले नाही किंवा ते पटण्याजोगे नसले, तर आस्थापनेच्या प्रमुखाच्या नावाने नियम ३ चा उल्लेख करून रीतसर तक्रार करावी. शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो. तिथे त्याच्याकडेही प्रत द्यावी. तक्रारीत घटनाक्रम तारखांसह लिहावा, रागाचे शब्द वगळावेत आणि मागणी एकच, स्पष्ट ठेवावी: पर्यायी पद्धतीने माझे पुन्हा मूल्यमापन करा. नोकरीच द्या अशी मागणी केली तर ती गुणवत्तेच्या वादात अडकते. पुन्हा मूल्यमापनाची मागणी नाकारणे कठीण असते.

इथेही काही झाले नाही तर दिव्यांगांसाठी नेमलेल्या आयुक्तांकडे जाता येते. महाराष्ट्रात दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यात आहे, गोव्यात राज्य आयुक्तांचे कार्यालय पणजीत आहे, आणि केंद्र सरकारच्या आस्थापनांविरुद्धच्या तक्रारी दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जातात. नियमांनुसार तक्रार ६० दिवसांत निकाली काढायची असते. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. मात्र त्यांचा निर्णय शिफारशीच्या स्वरूपाचा असतो. ती मान्य न केल्यास संबंधितांनी तीन महिन्यांत कारणे कळवायची असतात. शासकीय आस्थापनेविरुद्ध त्यानंतर उच्च न्यायालयाचा मार्ग खुला राहतो. खासगी कंपनीविरुद्ध तो बराच अवघड आहे, म्हणून तिथे आयुक्तांपुढचे प्रकरण सुरुवातीपासून काळजीपूर्वक उभे करावे. कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत आणि नंतर ५०,००० ते ५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद कलम ८९ मध्ये आहे, हे तक्रारीत नमूद करायला हरकत नाही.

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या मराठी वाचकांसाठी एवढे सांगतो, की तिथला कायदा १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना लागतो, आणि समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत १८० दिवसांची, बऱ्याच राज्यांत ३०० दिवसांची असते. कंपनीशी मेल चालू असले तरी ही मुदत थांबत नाही.

एचआरमध्ये काम करणाऱ्यांसाठी

हे मार्गदर्शन उमेदवारांसाठी असले तरी चाचणी निवडणारी माणसेही ते वाचत असतील. चाचणी विकत घेण्यापूर्वी त्या पदावरच्या माणसाच्या प्रत्यक्ष कामाची यादी करा आणि प्रत्येक मोजपट्टीसमोर 'हिचा या कामाशी काय संबंध' असे लिहून पाहा. ज्या मोजपट्टीपुढे काहीच लिहिता येत नाही ती निकालातून वगळा. विक्रेत्याला सांगितले की बहुधा ते करून मिळते. दिव्यांग उमेदवारांवर चाचणीचा परिणाम तपासला आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. सर्वांना पाठवल्या जाणाऱ्या लिंकच्या मेलमध्येच 'चाचणी देताना सोय हवी असल्यास येथे कळवा' हे वाक्य आणि एका जबाबदार व्यक्तीचा पत्ता द्या. ते वाक्य नसेल तर ज्याला सोयीची गरज आहे तो बहुधा मागतच नाही, चाचणी देतो, आणि तुमच्या यादीतून एक चांगला माणूस तुम्हाला न कळता निघून जातो. आलेली प्रत्येक विनंती आणि तिच्यावरचा निर्णय यांची तारखेसह नोंद ठेवा; आयुक्तांनी विचारल्यावर तुमची बाजू मांडणारा तोच कागद असेल.